दुखणाऱ्याची साक्ष कोण नोंदवणार?

एका केसपेपरची झेरॉक्स गेले काही महिने आमच्या टेबलावर पडून आहे. आमच्याच वस्तीतील, चाळिशी ओलांडलेली, चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी एक भगिनी. तिची पिशवीची शस्त्रक्रिया एका सरकारी रुग्णालयात झाली. त्या रुग्णालयाचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण हा प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ती वॉर्डाच्या संडासात चक्कर येऊन पडली, मनगट मोडले आणि दोन महिने घरी बसली. तेवढ्यात हातची कामे गेली. ती आमच्याकडे आली ती बुडालेल्या पगाराचे काय करता येईल हे विचारायला. पण कागद चाळताना आमची नजर दोन गोष्टींवर अडली. केसपेपरच्या कोपऱ्यात 'अभ्यास गट ब' असा शिक्का होता आणि मागच्या पानावर एक तक्ता होता. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या तासाला वेदना ४, सहाव्या तासाला २, बाराव्या तासाला २, चोविसाव्या तासाला १. दहापैकी गुण!

आम्ही तिला विचारले, "ताई, तुला किती दुखतंय, दहापैकी किती, असं कोणी विचारलं होतं का?"

ती म्हणाली, "कोण विचारतंय दादा? रात्रभर कण्हत होते. शेजारच्या खाटेवरची बाई सिस्टरला बोलवायला गेली, तेव्हा इंजेक्शन दिलं. दहा-बिहा काय कोणी विचारलं नाही."

मग तो २ हा आकडा कोणाचा? तो कोणी पाहिला, कोणी ऐकला, कोणी लिहिला? कोर्टात एखाद्या पोलीस जमादाराने साक्षीदाराला न भेटताच त्याचा जबाब लिहून आणला, तर आम्ही वकील मंडळी त्याची उलटतपासणीत दाणादाण उडवतो. येथे तर साक्षीदार खाटेवर पडून होता, दहा पावलांवर होता आणि तरीही त्याचा जबाब दुसऱ्याच कोणी लिहिला. आजचा लेख याच आकड्याविषयी आहे.

चौकशीअंती कळले ते असे. तिला शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी एक कॅप्सूल देण्यात आली होती. ती प्रीगॅबालिन या औषधाची होती. शस्त्रक्रियेआधी ही कॅप्सूल दिली तर नंतरचे दुखणे कमी होते काय, असा तो अभ्यास होता. तिने अंगठा दिला होता तो एका इंग्रजी कागदावर. तिला वाटले, तो शस्त्रक्रियेचाच कागद. तिची चक्कर त्या कॅप्सूलमुळे आली, भुलीमुळे आली की रक्त कमी असल्यामुळे आली, हे आम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि जे सिद्ध करता येत नाही ते आम्ही म्हणणारही नाही. परंतु चक्कर येणे हा त्या औषधाचा नेहमीचा, सर्वज्ञात दुष्परिणाम आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते, एवढे मात्र निश्चित.

हे औषध मुळात कशाचे? गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन ही दोन सख्खी भावंडे. गॅबापेन्टिनला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली ती अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, जोडऔषध म्हणून. पुढे २००२ मध्ये नागिणीनंतर मागे राहणाऱ्या नसेच्या वेदनेसाठी ती मान्यता वाढली. प्रीगॅबालिनला २००४ च्या अखेरीस मान्यता मिळाली ती मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या वेदनेसाठी आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी. मज्जातंतूंच्या टोकांशी कॅल्शियम आत घेणारी जी दारे असतात, ती ही औषधे थोडी आवळतात. त्यामुळे चेकाळलेली नस थोडी शांत होते.

नसेचे दुखणे म्हणजे काय हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगायला नको. १९४८ साली संविधानाचा मसुदा तयार झाला, तेव्हा खुद्द बाबासाहेबांचे पाय मधुमेहाने आणि नसांच्या वेदनेने रात्र-रात्र झोपू देत नव्हते. उपचारासाठी ते मुंबईला आले आणि तेथेच डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढे माईसाहेब, यांची गाठ पडली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी अशी औषधे नव्हती. आज मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची आग होते, त्या आमच्या हजारो बांधवांपैकी काहींना ही औषधे खरोखर दिलासा देतात. म्हणून कोणी हा लेख वाचून डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नये. ही औषधे एकाएकी सोडणे धोक्याचे असते. आमचा वाद औषधाशी नाही, औषधाच्या नावाने जो पुरावा उभा केला गेला त्याच्याशी आहे.

नसेच्या रोगाची वेदना वेगळी आणि सुरीच्या चिऱ्याची वेदना वेगळी. मग नसेचे औषध शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ कसे आले? विचार असा होता की, चिरा पडला की त्याचा मारा मज्जारज्जूवर होतो, मज्जारज्जू चाळवला जातो आणि मग साधा स्पर्शसुद्धा दुखू लागतो. म्हणून घाव बसण्यापूर्वीच मज्जारज्जू शांत केला तर नंतरचे दुखणे कमी होईल, मॉर्फिनसारखे अफूपासूनचे औषध कमी लागेल. विचार तर्काला धरून होता. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. केवळ तर्काला पटते म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका. आजच्या काळात ग्रंथाच्या जागी छापील शोधनिबंध आला आहे, एवढाच फरक!

शोधनिबंध कसे तयार होतात, ते आता पाहू. गॅबापेन्टिन अमेरिकेत न्यूरॉन्टिन या नावाने विकले जाई. विकणारी पार्क-डेव्हिस ही वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीची शाखा आणि २००० साली ती सगळी फायझरच्या ताब्यात गेली. १९९६ मध्ये डॉ. डेव्हिड फ्रँकलिन नावाचा एक तरुण जीवशास्त्रज्ञ पार्क-डेव्हिसमध्ये नोकरीला लागला. त्याचे काम डॉक्टरांना भेटण्याचे. थोड्याच महिन्यांत त्याच्या लक्षात आले की, मान्यता फिट्सची असताना कंपनी हे औषध वेदनेपासून मनोविकारापर्यंत वाटेल त्या रोगासाठी खपवत आहे. त्याने नोकरी सोडली आणि खटला भरला. २००४ साली कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले.

आमच्या दृष्टीने त्या रकमेपेक्षा महत्त्वाची आहेत ती या खटल्यांमुळे कंपनीच्या कपाटातून बाहेर आलेली कागदपत्रे. संशोधकांनी ती तपासून २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मान्यता नसलेल्या उपयोगांसाठी कंपनीने केलेल्या २० चाचण्या त्यांना आढळल्या. त्यांपैकी छापून आल्या १२. आणि त्या १२ पैकी ८ चाचण्यांत, सुरुवातीला 'आम्ही अमुक गोष्ट मोजणार' असे जे लिहून दिले होते आणि शेवटी 'आम्ही अमुक गोष्ट मोजली' असे जे छापले, त्यांत मेळच नव्हता! वकिलीच्या भाषेत सांगायचे तर, फिर्याद चोरीची नोंदवली, चोरी सिद्ध होईना, म्हणून निकालपत्रात मारामारी सिद्ध झाल्याचे लिहून टाकले. जी चाचणी औषधाच्या विरुद्ध गेली ती कपाटात आणि जी बाजूने वळवता आली ती मासिकात.

याच कंपनीची आणखी एक चाचणी होती. तिच्यात ७७२ डॉक्टर संशोधक म्हणून आणि २,७५९ रुग्ण. एवढ्या रुग्णांसाठी इतके संशोधक कशाला? कागदपत्रांतून २०११ साली उलगडा झाला. खरा अभ्यास रुग्णांचा नव्हताच, तो डॉक्टरांचा होता. डॉक्टरांच्या हाताला हे औषध लिहिण्याची सवय लावणे, हा चाचणीचा हेतू. रुग्णांना हे सांगितले गेले नाही. त्यांच्या शरीराचा वापर जाहिरातीसाठी झाला आणि त्यांनी संमती दिली ती विज्ञानाच्या नावाने.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे या. डॉ. स्कॉट र्‍यूबेन हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथील बेस्टेट मेडिकल सेंटरमधील मोठे भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या वेळी एकाऐवजी दोन-तीन प्रकारची वेदनाशामके एकत्र द्यावीत, या विचाराचे ते अग्रदूत मानले जात. मणक्याच्या शस्त्रक्रियेत सेलेकॉक्सिब आणि प्रीगॅबालिन ही दोन औषधे एकत्र दिली की फार गुण येतो, असा त्यांचा निबंध २००६ साली भूलशास्त्राच्या नामांकित मासिकात आला. जगभरचे भूलतज्ज्ञ त्यांचा दाखला देत. फायझरकडून त्यांना संशोधनासाठी पैसे मिळत आणि कंपनीच्या वतीने व्याख्याने देण्याचेही पैसे मिळत.

२००८ साली त्यांच्याच रुग्णालयात नेहमीची तपासणी चालू असताना एक साधी गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या दोन अभ्यासांना नीतिमत्ता समितीची परवानगीच नव्हती. धागा ओढता ओढता सगळे वस्त्रच उसवले. रुग्णालयाने २००९ मध्ये जाहीर केले की, १९९६ पासूनच्या त्यांच्या २१ निबंधांत आकडे बनावट आहेत. मणक्याच्या शस्त्रक्रियेचा तो निबंधही त्यांत होता. एका अभ्यासासाठी तर कंपनीकडून सुमारे ७५ हजार डॉलर घेतले, पण एकही रुग्ण त्यात दाखल केला नाही. रुग्ण नाही, शस्त्रक्रिया नाही, वेदना नाही आणि तरीही वेदनेचे तक्ते तयार! २०१० मध्ये र्‍यूबेन यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि ३ लाख ६० हजार डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश झाला.

ती रक्कम कोणाला परत करायची? औषध कंपन्यांना! त्याच वर्षी बोस्टनच्या न्यायालयात एका बड्या आरोग्य विमा संस्थेनेही न्यूरॉन्टिनच्या फसव्या प्रचाराबद्दल फायझरवर खटला जिंकला आणि नुकसानभरपाईचा आकडा १४ कोटी २० लाख डॉलरवर गेला. विमा संस्थेला भरपाई, कंपनीला परतफेड. आणि ज्यांच्या अंगावर ही औषधे त्या खोट्या निबंधांच्या भरवशावर घातली गेली, ते रुग्ण? त्यांचा या हिशेबाच्या वहीत रकानाच नाही. जगभर सर्वत्र हेच दिसते. ज्याचे पैसे बुडाले तो फिर्यादी होतो. ज्याचे शरीर वापरले गेले तो आकडा होतो.

काही वाचक म्हणतील, एक डॉक्टर लबाड निघाला म्हणून सगळे संशोधन खोटे कसे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर विज्ञानानेच दिले आहे. २०२० साली कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने या औषधांच्या शस्त्रक्रियेतील वापराच्या तोपर्यंतच्या २८१ चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. रुग्णसंख्या २४ हजारांच्या वर. निष्कर्ष काय? वेदनेचे माप शंभर धरले तर शस्त्रक्रियेनंतर सहा तासांनी १० चा फरक, चोवीस तासांनी ७ चा, अठ्ठेचाळीस तासांनी अवघा ३ चा. रुग्णाला खरोखर जाणवेल असा हा फरक नाही, असे त्या संशोधकांनी स्पष्ट लिहिले. शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने मागे राहणारी वेदना या औषधांनी टळते, असेही दिसले नाही. उलटी-मळमळ थोडी कमी झाली, हे खरे. पण चक्कर आणि दृष्टीचा त्रास वाढला. अलीकडे ब्रिटनमध्ये छाती, हृदय आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १,२०० रुग्णांवर गॅबापेन्टिनची काळजीपूर्वक चाचणी झाली. तिचा निकाल २०२५ मध्ये आला. औषध दिलेले रुग्ण काही लवकर घरी गेले नाहीत.

आणि धोका? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये इशारा दिला की, ही औषधे अफूवर्गीय औषधांसोबत दिली, किंवा रुग्ण वयस्क असला, किंवा त्याला दम्यासारखा फुप्फुसाचा विकार असला, तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषध अनेकदा दिले जाते, हे लक्षात घ्या. २०२२ साली अमेरिकेतीलच ६५ वर्षांवरील नऊ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी गॅबापेन्टिन दिले होते त्यांच्यात भ्रम होण्याचे प्रमाण शंभरात ३.४ आणि न दिलेल्यांत २.६ निघाले. फरक लहान वाटतो. पण ज्या घरातील म्हातारी शस्त्रक्रियेनंतर लेकरांना ओळखेनाशी होते, त्या घराला विचारा तो लहान आहे का.

मग २८१ चाचण्या झाल्या कशाला? त्यातल्या बहुतेक लहान. कोठे साठ रुग्ण, कोठे ऐंशी. आणि येथे हा प्रश्न थेट आपल्या उंबरठ्यावर येतो. आपल्या देशात वैद्यकीय पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सक्तीचा आहे. भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षांत, हातात निधी नसताना, जे औषध स्वस्त आहे, सहज मिळते, त्यावर प्रबंध लिहावा लागतो. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन याला अगदी सोयीची. एकाची तुलना दुसऱ्याशी, दुसऱ्याची साखरेच्या गोळीशी, आज पिशवीच्या शस्त्रक्रियेत, उद्या पित्ताशयाच्या. वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून सर्वांसाठी खुली आहे. त्यात ही दोन नावे शोधून पाहा, देशभरच्या महाविद्यालयांच्या नोंदी समोर येतील. जो प्रश्न जगात पुरेसा तपासून झाला, तोच पुन्हा पुन्हा विचारला जातो, कारण उत्तर कोणाला हवेच नसते. पदवी हवी असते.

आणि हा प्रश्न कोणाच्या शरीरावर विचारला जातो? ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगी रुग्णालयात जातो. सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर असतो तो आमचा माणूस. बौद्ध, मातंग, आदिवासी, भटका, मुसलमान, कर्जात बुडालेला कुणबी. त्याने डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायचा नसतो, असे त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. पूर्वी पोथी वाचणाऱ्याला विचारायचे नसे, आता केसपेपर लिहिणाऱ्याला. हजारो वर्षे या देशात काही माणसांचा शब्द साक्ष म्हणून धरलाच जात नव्हता. संविधानाने तो धरायला लावला. तोच शब्द वॉर्डात येऊन पुन्हा बिनमोलाचा ठरत असेल, तर आम्ही गप्प कसे बसावे?

वेदनेच्या संशोधनात तर हा शब्दच सर्वस्व आहे. साखर रक्तात मोजता येते, ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेले हाड एक्सरेत दिसते. वेदना कोणत्याही यंत्रात दिसत नाही. तिचा साक्षीदार जगात एकच, ज्याला दुखते तो. त्याला न विचारता लिहिलेला आकडा म्हणजे बनावट पुरावा. मग तो स्प्रिंगफील्डमध्ये लिहिलेला असो की आपल्या जिल्ह्यात. र्‍यूबेन यांच्या तक्त्यात रुग्णच नव्हता. आमच्या भगिनीच्या तक्त्यात रुग्ण होती, पण तिचा आवाज नव्हता. कायद्याच्या नजरेने पाहिले तर या दोहोंत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की, रुग्णाची संमती खरी असली पाहिजे. उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे समजल्यानंतर दिलेली असली पाहिजे आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीसाठी वापरता येत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेच्या कागदावरचा अंगठा संशोधनाच्या कागदाला चालत नाही. २०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने वैद्यकीय चाचण्यांतील मनमानीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम आले. त्यांनुसार आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी लागते. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. माहितीपत्राची व संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावी लागते. केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क असतो आणि बाहेर पडला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई.

हे सर्व कागदावर आहे. पण महाविद्यालयीन संशोधनासाठी नियमांत एक मोठी सवलतही आहे. औषध आधीच मान्यताप्राप्त असेल आणि अभ्यास केवळ शैक्षणिक असेल, बाजारासाठी नसेल, तर केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी सहसा लागत नाही. महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी पुरते. म्हणजे रुग्णाचा सगळा भरवसा त्या एका समितीवर. त्यातच दुसरी अडचण अशी की, जेथे सर्वांना उपचार पूर्णपणे मोफत दिले जातात ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून ठरलेले आहे. पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग. फुकट उपचार घेणाऱ्याला फक्त दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट. म्हणूनच ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रयोग होतात, त्याच्या हातात सर्वांत कमी हत्यारे आहेत!

आमचे बोट निवासी डॉक्टरांकडे नाही, हे येथे स्पष्ट करतो. ती आमचीच मुले आहेत. कितीतरी जण आरक्षणाच्या लढ्यातून तेथवर पोहोचलेली, पहिल्या पिढीतील शिकलेली. सलग दीड दिवस ड्यूटी केलेल्या मुलाने मध्यरात्री साठ खाटांवर फिरून दर रुग्णाला 'दहापैकी किती?' विचारावे, अशी अपेक्षा करणारी आणि प्रबंध वेळेवर दिला नाही तर परीक्षेला बसू न देणारी ही व्यवस्थाच खोटा आकडा लिहायला शिकवते. जो मुलगा पहिला खोटा आकडा वॉर्डात लिहितो तो पुढे र्‍यूबेन होईलच असे नाही. पण र्‍यूबेन यांनीही पहिला आकडा कधीतरी लिहिलाच असेल.

आमचा संशोधनालाही विरोध नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या मागे लागलेल्या समाजाला बाबासाहेबांनी विज्ञानाच्या वाटेवर आणले, ती वाट आम्ही सोडणार नाही. र्‍यूबेन पकडले गेले ते कोणा भगताच्या कौलाने नव्हे, तर रुग्णालयाच्या तपासणीमुळे. या औषधांचा शस्त्रक्रियेतील उपयोग किती तोकडा आहे हे कळले तेही प्रामाणिक संशोधकांच्या हिशेबामुळे. म्हणून आमची मागणी संशोधन बंद करण्याची नाही, खरे संशोधन करण्याची आहे.

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे आमचे म्हणणे चारच गोष्टींचे आहे. संशोधनाचे संमतीपत्र मराठीत आणि शस्त्रक्रियेच्या कागदापासून वेगळे असावे, वेगळ्या वेळी समजावून घेतलेले असावे. नीतिमत्ता समितीवर बाहेरचा जो सामान्य सदस्य असावा लागतो, तो महाविद्यालयाच्या मर्जीतला नसावा, तर ज्या वस्त्यांतून रुग्ण येतात तेथला असावा. जगात जो प्रश्न निकालात निघाला आहे त्यावर केवळ पदवीसाठी रुग्णांवर पुन्हा चाचणी करण्यास समितीने मंजुरी देऊ नये. आणि वेदनेच्या प्रत्येक नोंदीखाली विचारणाऱ्याची सही, वेळ आणि रुग्णाची किंवा सोबतच्या नातेवाइकाची सही असावी. जबाबाखाली जशी असते तशी.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे. जयंतीच्या मंडपात रक्तदान शिबिर भरवता, तेही चांगलेच. पण वस्तीतील कोणी शस्त्रक्रियेला निघाले की एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत द्या. अंगठा देण्यापूर्वी तिने एवढेच विचारावे, "डॉक्टर, हा कागद उपचाराचा की अभ्यासाचा? अभ्यासाचा असेल तर आम्हाला मराठीत सांगा आणि एक प्रत द्या." आवाज चढवायचा नाही, पण प्रश्न सोडायचाही नाही. घरी आल्यावर केसपेपरची प्रत मागा. लेखी मागणी केल्यावर ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. वृद्ध माणसाला किंवा दमेकऱ्याला शस्त्रक्रियेच्या वेळी नसेची गोळी दिली जात असेल, तर ती का, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आमच्या त्या भगिनीचा अर्ज आम्ही त्या रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडे पाठवला आहे. त्यात भरपाईची मागणी आहेच. परंतु तिने स्वतःहून एक ओळ घालायला लावली. ती म्हणाली, "दादा, तो २ खोडून टाकायला सांगा. मला आठ-नऊ दुखत होतं." अर्जाची शेवटची ओळ तीच आहे आणि उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.